तुम्ही विचारलंत म्हणून: मॉस गप्प का बसला नाही?

जुन्या ग्रां प्री मोटारशर्यतींचा विषय निघाला की हा प्रश्न मला हमखास विचारला जातो. ब्रिटिश चालक स्टर्लिंग मॉस एकदाही विश्वविजेता झाला नाही, हे ऐकून समोरचा आधी हळहळतो. मग १९५८ची हकीकत कळली की वैतागून म्हणतो, "अहो, पण प्रतिस्पर्ध्याच्या बाजूने साक्ष द्यायला त्याला सांगितलं होतं कुणी? गप्प बसला असता तर जिंकला असता की!"

बरोबर आहे, जिंकला असता. तरीही प्रश्नाचा रोख मला पटत नाही. का, ते नीट सांगतो.

२४ ऑगस्ट १९५८. पोर्तुगालमधल्या पोर्तो शहराच्या रस्त्यांवरची शर्यत. फरसबंदी, ट्रामचे रूळ, आणि त्यावरून या गाड्या सुसाट सुटलेल्या. व्हॅनवॉल संघाची गाडी चालवणारा मॉस पहिला आला. फेरारीवाला माइक हॉथॉर्न दुसऱ्या क्रमांकावर होता, पण शर्यतीच्या शेवटी शेवटी त्याची गाडी भरकटली आणि बंद पडली. उताराचा फायदा घेऊन, ढकलून त्याने ती सुरू केली. या खटपटीत गाडी थोडं अंतर शर्यतीच्या उलट दिशेने गेली आणि पंचांनी त्याला बाद केलं. तेव्हा मॉस पंचांसमोर गेला आणि त्याने पाहिलेलं सांगितलं: गाडी उलटी गेली ती फुटपाथवरून, ट्रॅकवरून नाही. हॉथॉर्नचं दुसरं स्थान शाबूत राहिलं.

त्या वर्षी विजेत्याला ८ गुण, मग ६, ४, ३, २, आणि सर्वांत जलद फेरी मारणाऱ्याला १ असा हिशेब होता. चालकाच्या सर्वोत्तम सहाच शर्यती धरायच्या. पोर्तोत हॉथॉर्नला दुसऱ्या क्रमांकाचे ६ आणि जलद फेरीचा १, असे ७ गुण मिळाले. वर्षाअखेर तो ४२वर थांबला, मॉस ४१वर. पोर्तोचे ते ७ काढून टाका, त्यांच्या जागी त्याची सातवी सर्वोत्तम शर्यत (४ गुणांची) धरा, तर हॉथॉर्न ३९वर येतो. म्हणजे साक्षीची किंमत अख्खं विजेतेपद होती, यात वाद नाही.

पण त्याच दिवशी पोर्तोत आणखी एक गोष्ट घडली. हॉथॉर्नने विक्रमी फेरी मारल्याचा फलक मॉसच्या पिटने, म्हणजे ट्रॅकच्या कडेला थांबलेल्या त्याच्या संघाने, त्याला दाखवला होता. घाईत मॉसने तो चुकीचा वाचला, सगळं नेहमीसारखं चाललंय असं समजला आणि वेग वाढवला नाही. तो एक गुण मॉसने घेतला असता तर आकडे बरोबर उलटे झाले असते: मॉस ४२, हॉथॉर्न ४१. याबद्दल मला कुणी विचारत नाही.

विजेतेपदाचा निकाल लागला तो १९ ऑक्टोबरला, मोरोक्कोत. देश दोनच वर्षांपूर्वी स्वतंत्र झाला होता. कासाब्लांकाजवळ, अटलांटिकच्या काठी ऐन-दियाबच्या रस्त्यांवर साडेसात किलोमीटरहून थोडी मोठी फेरी, आणि अशा ५३ फेऱ्या. मॉसला शर्यत जिंकायची होती, जलद फेरीही मारायची होती, आणि एवढं करून हॉथॉर्न तिसरा किंवा त्याच्याही मागे राहायला हवा होता. पहिल्या दोन गोष्टी त्याच्या हातात होत्या, तिसरी नव्हती.

मॉसने सुरुवातीलाच आघाडी घेतली आणि शेवटपर्यंत सोडली नाही. मध्ये मागे पडलेल्या एका गाडीला धडक बसून व्हॅनवॉलचं नाक चेपलं, तरी वेग उतरला नाही. जलद फेरी त्याचीच, २ मिनिटं २२.५ सेकंदांची. दुसऱ्या क्रमांकाच्या गाडीला जवळपास दीड मिनिट मागे टाकून तो जिंकला. ज्या माणसाला लोक भोळा म्हणतात, त्याने त्या दिवशी हॉथॉर्नसाठी एक सेकंदही सोडला नाही.

मागे मात्र तिसऱ्या अटीचा खेळ चालला होता. मॉसचा सहकारी टोनी ब्रूक्स हॉथॉर्नशी झुंजत होता, त्याला मागे ठेवत होता, पण त्याचं इंजिन गेलं. आता हॉथॉर्नच्या पुढे होता फिल हिल, तोही फेरारीचाच. शर्यतीच्या उत्तरार्धात हिलने वेग कमी करून हॉथॉर्नला पुढे जाऊ दिलं. संघाचा चालक संघासाठी हे करणारच, त्यात काही गैर नव्हतं. हॉथॉर्न दुसरा आला आणि ब्रिटनचा पहिला विश्वविजेता ठरला. वर्षभरात त्याने एकच शर्यत जिंकली होती, मॉसने चार.

आता वर्षाचा ताळा बघा. मॉस पाच शर्यतींमधून अर्ध्यावरच बाहेर पडला: मोनॅको, बेल्जियम, ब्रिटन, जर्मनी, इटली. उरलेल्या पाच त्याने पूर्ण केल्या, त्यातल्या चार जिंकल्या आणि एकीत दुसरा आला. त्याचं विजेतेपद गेलं ते या पाच ठिकाणी. बेल्जियममध्ये तर पहिल्याच फेरीत गिअर चुकला आणि इंजिन संपलं. हे सगळं बाजूला ठेवून पंचांच्या खोलीतली काही मिनिटं तेवढी उचलायची, हे मला अन्यायाचं वाटतं.

लोक त्या साक्षीला दिलदारपणा म्हणतात, कौतुकानेच म्हणतात, पण तो शब्दही मला जरा खटकतो. दिलदारपणा आपल्या मालकीच्या गोष्टीबाबत करता येतो. ते ७ गुण मॉसचे नव्हतेच, हॉथॉर्नने कमावलेले होते. मॉस गप्प बसला असता तर त्याने विजेतेपद राखलं असतं असं नाही, दुसऱ्याचं घेतलं असतं. आणि त्याला ते कायम ठाऊक असतं.

त्या वर्षी या चालकांचं एकमेकांशी काय नातं होतं, हेही लक्षात घ्यायला हवं. जुलैत फ्रान्सच्या शर्यतीत फेरारीचा लुइजी मुसो अपघातात गेला. ऑगस्टच्या सुरुवातीला जर्मनीत पीटर कॉलिन्स गेला, हॉथॉर्नचा जिवाभावाचा मित्र. पोर्तोची शर्यत त्यानंतर तीनच आठवड्यांनी झाली. मुसो आणि कॉलिन्स, दोघांच्याही गाडीचा क्रमांक २ होता. म्हणून मोरोक्कोत हॉथॉर्न २ टाळून ६ क्रमांकाची गाडी घेऊन उतरला.

आणि ज्याच्याबद्दल कुणीच विचारत नाही तो स्टुअर्ट लुईस-इव्हान्स. व्हॅनवॉलचा तिसरा चालक, मोरोक्कोत पहिल्या रांगेतून सुटलेला. शर्यतीच्या शेवटच्या टप्प्यात त्याचं इंजिन जाम झालं, गाडी रस्त्याबाहेर गेली आणि पेटली. तो बाहेर पडला तेव्हा अंगावरचे कपडे जळत होते. व्हॅनवॉलचे मालक टोनी व्हॅन्डरव्हेल यांनी त्याला विमानाने इंग्लंडला नेलं. सहा दिवसांनी, २५ ऑक्टोबरला तो गेला. वय २८. पहिल्यांदाच दिला गेलेला उत्पादकांचा, म्हणजे गाड्या बनवणाऱ्यांचा, करंडक व्हॅनवॉलने त्याच वर्षी जिंकला होता, पण व्हॅन्डरव्हेल यांची तब्येत साथ देत नव्हती आणि या मृत्यूचा घाव मोठा होता. नव्या वर्षाच्या सुरुवातीलाच व्हॅन्डरव्हेल यांनी संघ मागे घेतला.

हॉथॉर्नने विजेतेपद मिळताच निवृत्ती घेतली. २२ जानेवारी १९५९ रोजी इंग्लंडमध्ये गिल्डफर्डजवळ साध्या रस्त्यावर त्याच्या जॅग्वारला अपघात झाला आणि तोही गेला, २९ व्या वर्षी. विश्वविजेता म्हणून त्याला तीन महिने आणि काही दिवस मिळाले.

मॉस ९० वर्षं जगला, २०२० साली गेला. विश्वविजेतेपदाच्या क्रमवारीत १९५५ ते १९५८ सलग चार वर्षं दुसरा, पुढची तीन वर्षं तिसरा, आणि १९६२मध्ये इंग्लंडमधल्या गुडवुडच्या अपघाताने कारकीर्द संपली. त्याच्या नावापुढे विजेतेपद नाही याची मलाही हळहळ वाटते. पण त्यासाठी कुणाला बोल लावायचाच असेल तर बेल्जियममधल्या त्या गिअरला लावा, पोर्तोमधल्या साक्षीला नको.