दाराला कुलूप होते म्हणे

आमच्या घराच्या दाराला दिवसा कुलूप लागल्याचे मला आठवत नाही. उदगीरच्या जुन्या वस्तीत, किल्ल्याकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या एका बोळात आमचे घर आहे. सकाळी सडा पडल्यावर उघडलेले दार रात्रीची जेवणे आटोपेपर्यंत लोटलेलेसुद्धा नसते आणि ऐंशीकडे झुकलेली आई, दुपारची झोप सोडली तर, ओट्यावर नाहीतर दारातल्या बाजेवर बसलेली असते. त्यामुळे मे महिन्यातल्या एका संध्याकाळी ‘दार बंद असल्याने आपले पार्सल देता आले नाही’ असा संदेश मोबाइलवर आला, तेव्हा रागाच्या आधी मला नवलच वाटले.

त्या पार्सलमध्ये आईचे श्रवणयंत्र होते. एप्रिलमध्ये ते बंद पडले, लातूरच्या ज्या दुकानातून घेतले त्यांनी ते दुरुस्तीसाठी पुण्याला पाठवले आणि दुरुस्त झाल्यावर ते तिथून थेट आमच्या पत्त्यावर येणार होते. यंत्र नसताना आईशी बोलायचे म्हणजे तिच्या कानाशी जाऊन ओरडावे लागते, आणि ओरडून बोललेले कोणतेही वाक्य भांडणासारखेच ऐकू येते. ‘जेवलीस का’ एवढे विचारले तरी समोरच्या घरातले लोक डोकावून पाहत. हळूहळू आम्हीच तिच्याशी कमी बोलू लागलो होतो आणि हे तिच्याही ध्यानात आले होते, म्हणून पार्सलची वाट मी जरा अधीरतेनेच पाहत होतो.

पुण्याहून निघालेले हे यंत्र हाती पडायला अकरा दिवस लागले. त्यातले पहिले चार दिवस माझ्या स्वतःच्या चुकीने गेले, हे आधीच सांगून टाकलेले बरे. उदगीरचा पिनकोड ४१३५१७ आहे आणि अंबाजोगाईचा ४३१५१७. दुसऱ्या आणि तिसऱ्या अंकांची अदलाबदल झाली की माणूस लातूर जिल्ह्यातून उठून बीड जिल्ह्यात जाऊन पडतो. संभाजीनगर, जालना, परभणी, हिंगोली, नांदेड आणि बराचसा बीड असा बहुतेक मराठवाडा ४३१ ने सुरू होतो, पण लातूर आणि धाराशिव यांना मात्र सोलापूर-बारामतीच्या पंगतीत ४१३ वर बसवले आहे. माझे शिक्षण नांदेडला झाल्याने हात ४३१ ला सरावलेला, आणि दुरुस्तीच्या अर्जावर मी घाईत तेच लिहून मोकळा झालो. ही सहा अंकी पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. ज्यांनी ती आखली ते श्रीराम भिकाजी वेलणकर सरकारी अधिकारी असून संस्कृत कवीही होते, आणि अक्षरगणवृत्ते मोजणाऱ्या माणसाने गावांना अंक वाटून दिले ही गोष्ट मला नेहमीच गंमतीची वाटत आली आहे. पहिले तीन अंक टपालाच्या वर्गवारीचा जिल्हा सांगतात आणि शेवटचे तीन वाटपाचे पोस्ट ऑफिस. खाजगी कुरिअरवालेही पार्सलांची छाननी याच अंकांवरून करतात, म्हणून पाकिटावर ठळक अक्षरांत ‘उदगीर’ लिहिलेले असूनही यंत्र अंबाजोगाईला गेले. तिथे कोणीतरी ते नाव वाचण्याची तसदी घेतली आणि पार्सल लातूरमार्गे आमच्याकडे वळवले. त्या अनोळखी माणसाचे आभार मानायचे राहून गेले आहेत.

म्हणजे उशिराची तक्रार करण्याचा मला फारसा अधिकार नाही. उशीर आम्हाला नवाही नाही. माझे दुखणे निराळे आहे.

‘दार बंद’ हा पहिला संदेश आला त्या मंगळवारी मी कार्यालयात होतो आणि पत्नी लग्नाला देवणीला गेली होती. घरी एकटी आई होती. घरी येताच मी तिला विचारले की दुपारी कोणी आले होते का. ‘कोण बी नाही आलं,’ ती म्हणाली. मी पुन्हा विचारले, तुझा डोळा लागला होता का. ती म्हणाली, नाही. बेल वाजली असेल आणि तुला ऐकू आली नसेल, असे मी म्हणालो. हे सगळे मी अर्थातच ओरडून विचारत होतो, आणि त्या ओरडण्यात थोडी चीडही मिसळली होती हे मला नंतर जाणवले. आई गप्प झाली. जिला ऐकू येत नाही तिचे ऐकण्याचे यंत्रच दारात आले असताना तिला ते आल्याचे ऐकू आले नाही, असा पेच मनाने चटकन तयार करून टाकला आणि तो इतका चपखल होता की कुरिअरवाल्यावर शंका घ्यावी असे मला सुचलेच नाही. छापील वाक्याचे वजन असे असते. एका बाजूला आईचा शब्द, दुसऱ्या बाजूला दुपारी २ वाजून १७ मिनिटांची नोंद. मी नोंदीवर विश्वास ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली. सकाळी नऊपासून ओट्यावर खुर्ची टाकून बसलो. मे महिन्यातल्या उदगीरच्या उन्हात ओट्यावर बसणे म्हणजे काय हे इथल्यांना सांगायला नको. अकरानंतर फरशीवर अनवाणी पाय ठेववत नाही. भाजीचा गाडा येऊन गेला, गॅस सिलिंडरचा टेम्पो आला, कोणाच्या तरी सत्यनारायणाचे बोलावणे घेऊन एक मुलगा आला, आणि शेजारचे गुरुजी दोन वेळा येऊन ‘आज रजा का’ असे विचारून गेले. मोबाइल हातात होता, तो वाजला नाही. सायंकाळी पावणेसात वाजता संदेश आला: ‘ग्राहक उपलब्ध नाही. उद्या पुन्हा प्रयत्न केला जाईल.’ मी तेव्हा त्याच खुर्चीवर बसलो होतो. आई माझ्याकडे पाहत होती. तिने काही विचारले नाही आणि मलाही ओरडून काही सांगण्याचा धीर झाला नाही.

ग्राहक सेवेला केलेल्या फोनांबद्दल फार लिहीत नाही, कारण तो अनुभव ज्याने घेतला नाही असा वाचक सापडणे कठीण आहे. दोन आकडे दाबले, गाणे ऐकले, एक नम्र मुलगी हिंदीत बोलली, तिने तक्रार क्रमांक दिला आणि ‘संबंधित शाखेला कळवले आहे’ असे सांगितले. तिसऱ्या दिवशी मात्र एक नवीन प्रकार घडला. एका अनोळखी क्रमांकावरून फोन आला, मोबाइलवर आलेला ओटीपी सांगा म्हणजे पार्सलची तारीख बदलता येईल, असे तो माणूस म्हणाला. मी संदेश नीट वाचला तर तो ओटीपी ‘ग्राहकाच्या विनंतीवरून डिलिव्हरी पुढे ढकलण्यासाठी’ होता. म्हणजे मी न केलेली विनंती माझ्याच तोंडून वदवून घ्यायची होती. मी आकडे सांगितले नाहीत आणि कुरिअरची शाखा कुठे आहे एवढेच विचारून घेतले.

शाखा म्हणजे देगलूर रोडवरचा एक शटरचा गाळा. आत पंखा, जमिनीवर पार्सलांचे ढीग, वजनकाटा, आणि पार्सले स्कॅन करत बसलेला विशी-बाविशीतला एक मुलगा. मी भांडायच्या तयारीने गेलो होतो, पण त्याने माझे नाव ऐकताच ‘सर, बसा, पाणी घ्या’ म्हणत खुर्ची पुढे केली आणि माझ्या भांडणातली अर्धी हवा तिथेच गेली. मी म्हणालो, मंगळवारी माझी आई दारात बसलेली होती. तो थोडा वेळ थांबला आणि म्हणाला, ‘खरं सांगू का सर, मंगळवारी मी तुमच्या बोळाकडं आलोच नव्हतो बगा.’

त्याने मग सगळे सांगितले. त्याला पगार नाही, पोहोचलेल्या नगामागे पैसे मिळतात. न पोहोचलेल्या नगाचे काही मिळत नाही, पेट्रोल त्याचे स्वतःचे. शहराचा अर्धा भाग आणि आसपासची खेडी त्याच्या एकट्याच्या वाट्याला आहेत. त्या दिवशी लातूरची गाडीच दुपारी आली आणि एका लांबच्या गावात त्याची दुचाकी पंक्चर झाली. पण संध्याकाळपर्यंत प्रत्येक पार्सलची नोंद मोबाइलमध्ये व्हावीच लागते, नाहीतर वरून फोन येतो. ती नोंद कशी होते तेही त्याने मला दाखवले. पार्सल न दिल्याचे कारण निवडायला एक यादी येते: ग्राहक उपलब्ध नाही, दार बंद, पत्ता अपुरा, ग्राहकाने नकार दिला, ग्राहकाने पुढची तारीख मागितली. मी ती यादी वरपासून खालपर्यंत दोनदा वाचली. त्यात ‘मी पोहोचू शकलो नाही’ असे कारण कुठेच नव्हते. ‘गाडी उशिरा आली’ नव्हते, ‘वेळ पुरला नाही’ नव्हते. जी काही चूक व्हायची ती ग्राहकाच्या दारातच व्हावी, अशी त्या यादीची रचना होती. त्या मुलाला खरे लिहायचे असते तरी लिहिता आले नसते, आणि हे पाहिल्यावर माझा राग त्याच्यावरून उठून ज्याने कुठल्यातरी थंड खोलीत बसून ती यादी बनवली त्याच्याकडे गेला. अर्थात त्याचा पत्ता माझ्याकडे नाही.

परतताना मला आमच्या लहानपणचे पोस्टमन आठवले. दाराला खरोखरच कुलूप असेल तर ते सूचनेची चिठ्ठी फटीतून आत सरकवत, आणि रजिस्टर पत्र घ्यायला पोस्टात या असे तीवर लिहिलेले असे. ती चिठ्ठी हाच माणूस येऊन गेल्याचा पुरावा होता. (ते रजिस्टर पोस्टही २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विलीन झाले.) आताच्या नोंदीला तसला काहीच पुरावा लागत नाही. त्याच वर्षी टपाल खात्याने डिजिपिन आणले; दहा अक्षर-अंकांचा तो संकेत देशातली कोणतीही जागा साधारण चार मीटर लांब-रुंद चौकोनापर्यंत नेमकी दाखवतो. आमचा ओटा तेवढाच असेल. पण चौकोन कितीही लहान केला तरी त्यात जो आलाच नाही तो आल्याचे लिहिणार असेल, तर अक्षांश-रेखांशांचा काय उपयोग?

खरे तर आमच्या भागात पार्सलची एक जुनी आणि भरवशाची पद्धत अजून चालू आहे, ती म्हणजे ट्रॅव्हल्स. पुण्यात शिकणाऱ्या मुलांना इकडून डबे, चटण्या, धपाटे जातात आणि तिकडून पुस्तके, औषधे येतात, ती रात्रीच्या बसच्या डिकीतून. ड्रायव्हरचा नंबर आणि गाडीचा क्रमांक कळवला जातो, पहाटे थांब्यावर आपण जाऊन उभे राहायचे, ठरलेले पैसे द्यायचे आणि पिशवी घ्यायची. पावती नसते, ट्रॅकिंग नसते. गाडी उशिरा असली तर क्लीनर स्वतःच सांगतो, ‘अजून लातूरलाच आहे, तासभर झोपा.’ श्रवणयंत्रही मी असेच मागवायला हवे होते, असे पत्नी आजही म्हणते.

मित्रांनी ग्राहक आयोगात जाण्याचा सल्ला दिला. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सेवेचे पैसे देणाऱ्याइतकाच त्या सेवेचा लाभार्थीही ग्राहक धरला आहे, त्यामुळे कुरिअरचे पैसे पुण्याहून भरले गेले असले तरी तक्रार मला करता आली असती. मी १९१५ या राष्ट्रीय मदत क्रमांकावर तक्रार नोंदवली, पण त्यात त्या मुलाचे नाव घातले नाही. यादीत खरे कारण निवडायची सोय करा आणि घरी येऊन गेल्याचा फोटो किंवा फोन यांपैकी काहीतरी सक्तीचे करा, एवढेच लिहिले.

पार्सल मी त्याच दिवशी त्या गाळ्यातून घेऊन आलो होतो. बोळाच्या तोंडाशी असताना मोबाइल वाजला: ‘आपले पार्सल आपल्या घरी यशस्वीरीत्या पोहोचवण्यात आले आहे.’ नग पोहोचवल्याचे पैसे त्या मुलाला मिळाले असतील, म्हणून मी त्याला हरकत घेतली नाही.

आई ओट्यावरच होती. मी यंत्र तिच्या कानामागे बसवले, नवा सेल घातला, आवाज हळूहळू वाढवला. तिने मान तिरकी करून समोरच्या कडुनिंबावरच्या साळुंक्यांचा कलकलाट जरा वेळ ऐकला. मग माझ्याकडे न पाहताच विचारले, ‘मंगळवारी आलता का रं मग तो?’

‘नाही आला,’ मी हळू आवाजात म्हणालो.

‘म्या सांगितलंच होतं की,’ ती म्हणाली.