एका श्वासात किती आकडे

तान्हा पोळा, सकाळचे साडेनऊ

१०८ च्या रुग्णवाहिकेवर मी डॉक्टर आहे. नाइट संपून दीड तास झाला. आंघोळ झाली, चहा झाला, झोप काही येत नाही. खाली गल्लीत लहान पोरं लाकडी बैल सजवून दारोदार बोजारा मागत फिरताहेत. उजव्या हाताचा अंगठा आणि तळवा ठणकतोय. अंबू बॅग, म्हणजे पेशंटला श्वास द्यायची हातानं दाबायची पिशवी, तासभराच्या वर दाबत बसलं की असं होतं. तरी आत्ताच लिहून ठेवते. झोपून उठले की रात्रीचे आकडे पुसट होतील.

एकोणीस. चौदा. अकरा. सात.

कॉल १ वाजून ५२ मिनिटांनी आला. माणूस १०८ लावतो तो फोन पुण्याला जातो, तिथून आमच्या बेसला येतो, मग आम्ही फोन करणाऱ्याला उलट फोन लावतो. आमची गाडी केळापूर तालुक्यात, ग्रामीण रुग्णालयाच्या आवारात उभी असते. पायलट काका, म्हणजे आमचे ड्रायव्हर, गाडीतच आडवे झाले होते. मी बूट घालेपर्यंत त्यांनी गाडी गेटवर आणली. निरोप एवढाच होता: मुलगा, वय ११, पोटात दुखते, उलटी. गाव म्हणजे कोलामांचा पोड, आदिवासींची छोटी वस्ती, इथून सव्वीस किलोमीटर.

काल पोळा. त्यामुळे घरात सगळ्यांचं एकच म्हणणं, पुरणपोळी बाधली. मलाही क्षणभर तसंच वाटलं. पण फोन पोडावरच्या आशा कार्यकर्तीनं, आशाताईंनी उचलला, आणि त्या बाईंचं बोलणं इतकं नेमकं असतं की आपण आपोआप नेमकं विचारायला लागतो.

"झोपला कुठं होता?"

"खालीच जी, गोधडी टाकून. खाटीवर पाव्हणे होते."

"आता जागा आहे का?"

"हाय, पण डोये उघडत नाई. झोप येते म्हून राह्यला."

पोटात कळ येतेय, उलट्या होताहेत आणि अशा पोराला झोप येतेय, हे मला पटेना. मी म्हटलं, टॉर्च घ्या आणि त्याला वर बघायला सांगा. पापण्या वर जातात का? त्या म्हणाल्या, "नाई जी, अर्ध्यावरच राह्यते. दोन्ही." मग मी म्हटलं, त्याला एक मोठा श्वास घ्यायला सांगा आणि मध्ये न थांबता मोठ्यानं आकडे म्हणायला लावा. फोन स्पीकरवर टाकला. शाळेत उजळणी म्हणतात त्या चालीवर पोरगं मोजायला लागलं. एकोणीसवर थांबलं.

मण्यार चावते तेव्हा बहुतेक वेळा माणूस जमिनीवर झोपलेला असतो. दात बारीक, चावा दुखत नाही, सूज नाही, खूण शोधूनही सापडत नाही. आधी पोटात दुखतं, मग पापण्या खाली येतात, मग घोट गिळता येत नाही, आणि मग श्वासाचे स्नायू एकेक करून सोडून देतात. एका श्वासातला आकडा घसरायला लागला की समजायचं, वेळ कमी आहे. ही तपासणी करायला काही यंत्र लागत नाही. अकरा वर्षांच्या पोराला उजळणी येत असली की पुरे.

मी म्हटलं, ताई, साप समजूनच चालू. पाणी, चहा, लिंबूपाणी काही पाजू नका, घशात जाईल. कुशीवर झोपवा. एक पाऊलही चालू देऊ नका, उचलूनच आणा. कुठं काही आवळून बांधू नका. आणि दर पाच मिनिटांनी आकडे मोजायला लावून मला सांगा.

पलीकडे आजोबांचा आवाज येत होता. त्यांना पोराला आधी देवाच्या ठाण्यावर न्यायचं होतं. आशाताई त्यांच्याशी कोलामीत बोलल्या, मला कळलं नाही. नंतर रपट्यावर, म्हणजे नाल्यावरच्या बुटक्या पुलावर, विचारलं तेव्हा म्हणाल्या, "मी म्हनलं, आजोबा, देवाले इथूनच हात जोडा, तो येते आपल्यासंगं रोडवर." त्यांनी आजोबांना खोटं पाडलं नाही की गप्पही केलं नाही. मी तिथं असते तर माझ्याच्यानं हे झालं नसतं. मी घाईत आवाज चढवला असता.

रपट्यावरून पाणी वाहत होतं, गुडघ्याच्या वर. गाडी पलीकडे जाणं शक्यच नव्हतं. काकांनी हेडलाइट चालू ठेवून गाडी तोंडाशी आणली. पोळ्याची रात्र म्हणजे अमावास्या, दिव्यांच्या पलीकडे काहीच दिसत नव्हतं. मग बॅटरीचा एक ठिपका हलताना दिसला, आणि चार माणसं बाज खांद्यावर घेऊन पाण्यात उतरली. आशाताई बाजेच्या बाजूनं, लुगड्याचा ओचा खोचून, एक हात पोराच्या हनुवटीखाली. मान पुढे पडू नये म्हणून तो हात त्यांनी पोडापासून रपट्यापर्यंत काढला नव्हता. हे त्यांना मी सांगितलेलं नव्हतं.

२ वाजून ३७ मिनिटं. म्हणजे कॉलपासून पंचेचाळीस मिनिटं. गाडीत घेतल्यावर मी मोजायला लावलं तेव्हा सात.

पुढचं सगळं नेहमीच्या क्रमानं. ऑक्सिजन, सलाइन, ग्रामीण रुग्णालयाला आधीच फोन. तिथे डॉक्टर तयारच होते. सर्पदंशावरच्या प्रतिविषाच्या दहा व्हायल सुरू झाल्या, श्वास पुरेना म्हणून नळी घातली, आणि व्हेंटिलेटरसाठी पुढे यवतमाळला मेडिकलला, म्हणजे मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात. आमच्या गाडीत व्हेंटिलेटर नाही. त्यामुळे साधारण सत्तर किलोमीटर मी बॅग दाबत होते. दाब, सोड, छाती वर येते का बघ. पोराचे डोळे मिटलेले, पण मण्यारीच्या विषानं माणूस बेशुद्ध होतोच असं नाही. पापण्या उघडता येत नाहीत, बोटही हलवता येत नाही, पण ऐकू येत असतं. म्हणून मी त्याच्याशी बोलत राहिले. आता अमुक गाव गेलं असेल असं काहीबाही नव्हे, जे गाव खिडकीतून खरंच दिसलं तेच सांगत होते. मध्येच आकडे मोजले, त्याच्या वतीनं.

मेडिकलला पाच वाजून गेल्यावर पोचलो. व्हेंटिलेटर लागला. आत्ता पोर त्यावरच आहे. एवढंच ठाऊक आहे.

हे सगळं लिहिते आहे ते मुलगा जगेल की नाही यासाठी नाही. मला ती पंचेचाळीस मिनिटं लिहायची आहेत, ज्यात मी नव्हते.

या गाडीवर मला सहा वर्षं झाली. आमच्यात वेगाला फार मान आहे. कोण किती मिनिटांत पोचलं हे पायलट एकमेकांना सांगतात आणि त्यांचा तो अभिमान खरा आहे. या काळ्या मातीच्या रस्त्यांवर पावसाळ्यात गाडी वेळेत नेणं ही कलाच आहे. कागदावरही तेच मोजलं जातं: कॉल कधी, गाडी निघाली कधी, पोचली कधी. पोचण्याआधी तिथं काय झालं याला आमच्या फॉर्मवर रकाना नाही. मीसुद्धा पहिली काही वर्षं असंच समजत होते की उपचार माझं दार उघडल्यावर सुरू होतो.

तीन वर्षांपूर्वी सप्टेंबरात एक कॉल होता. फवारणी करता करता शेतमजूर पडला. आम्हाला पोचायला पस्तीस मिनिटं लागली. वाटेत मी त्याच्या भावाशी चार मिनिटं बोलले आणि चारही मिनिटं रस्ता विचारला. मंदिराजवळून डावीकडे का उजवीकडे, डीपी आधी लागते का विहीर. पोचले तेव्हा माणूस कडुनिंबाखाली उताणा पडलेला, तोंडाला फेस, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. भोवती आठ-दहा जण टॉवेलनं वारा घालत होते. आणि त्याच्या अंगात तोच शर्ट. औषधानं चिंब. पाठीवरचा भाग हाताला गार लागत होता इतका ओला. ते विष पस्तीस मिनिटं कातडीतून आत जात होतं, आणि वारा घालणाऱ्या त्या दहा माणसांत प्रेमाची काही कमी नव्हती. त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं की शर्ट काढा, साबण-पाण्यानं धुवा, कुशीवर करा, आपल्या हाताला पिशवी बांधा. सांगणारी मीच होते, आणि मी रस्ता विचारत होते.

अ‍ॅट्रोपिन हे या विषावरचं औषध दिलं, देत राहिले. तो तिसऱ्या दिवशी गेला.

२०१७ साली याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर दगावले. तेव्हा मी कॉलेजात होते, पेपरात वाचत होते. त्या वर्षी पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, डोक्याएवढी वाढली होती, फवारा तोंडासमोर येत होता. सगळं माहीत होतं मला. माहीत असून फोनवर विचारायचं सुचलं नाही. शर्ट लवकर काढला असता तर तो वाचला असता का, हे मी सांगू शकत नाही. पण माझी चार मिनिटं तिथं कामी आली असती, हे नक्की.

त्या दिवसापासून रस्ता काका विचारतात, दुसऱ्या फोनवरून. मी फक्त माणसाबद्दल विचारते. हे आम्ही दोघांनी गाडीत बसूनच ठरवलं, कुणी नियम काढला नाही.

आपल्या राज्यात १०८ सुरू झाली २०१४ मध्ये, आणि सुरुवातीपासून गाडीवर डॉक्टर आहे. पुष्कळ राज्यांत प्रशिक्षित तंत्रज्ञ असतो. आपल्याकडे माझ्यासारखे बीएएमएस झालेले. ही चांगलीच गोष्ट आहे, मी त्यावरच जगते. पण त्यामुळे गावात एक समजूत बसली की डॉक्टर येईपर्यंत हात लावायचा नाही. हात लावला आणि काही झालं तर? रस्त्यावर अपघात झाला तर वर पोलिसांची धास्ती. मदत करणाऱ्याला त्रास देता येणार नाही, अशी तरतूद २०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात आली आहे, पण ती नागपूर-हैदराबाद हायवेवरच्या किती धाबेवाल्यांना ठाऊक आहे? मागच्या उन्हाळ्यात त्यांच्यातल्याच एकानं ट्रकच्या क्लीनरच्या मांडीवर दुपट्टा दाबून धरला होता, दोन्ही हातांनी, आम्ही येईपर्यंत. त्याला कुणी शिकवलं नव्हतं. आम्ही आल्यावर तो घाबरून मागे सरकला आणि म्हणाला, "मॅडम, माह्यं नाव नका लिहू जी."

अमेरिकेत पिट्सबर्ग शहरात १९६७ मध्ये फ्रीडम हाऊस नावाची रुग्णवाहिका सेवा सुरू झाली. तोवर तिथं बहुतेक वेळा पोलिसांच्या गाडीतून पेशंट न्यायचे, सोबत उपचार करणारं कोणी नसायचं. डॉ. पीटर सफार यांनी शहराच्या काळ्या वस्तीतलीच माणसं घेतली, ज्यांना कुणी काम देत नव्हतं, आणि त्यांना श्वासनलिका सांभाळण्यापासून सगळं शिकवलं. पॅरामेडिक म्हणून आज जे ओळखलं जातं त्याची एक सुरुवात ती. आणि एवढ्या लांब कशाला जायचं, आपल्या गडचिरोलीत डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं गावातल्याच बायकांना आरोग्यदूत केलं. नवजात बाळाचा श्वास मोजायला, जंतुसंसर्ग ओळखायला, इंजेक्शन द्यायला शिकवलं. बाळांचे मृत्यू निम्म्याहून कमी झाले, १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं. हे सगळं आपल्याच जंगलात सिद्ध होऊन पंचवीस वर्षं झाली. मग पोडावरच्या आशाताईंना मण्यारीची पापणी रात्री दोन वाजता फोनवर का कळावी? आधीच का नाही?

पहाटे परत येताना काकांनी गाडी थांबवली, स्ट्रेचर बाहेर काढून धुतलं. ते एक शब्द बोलले नाहीत. आमच्यात बोलत नाहीत. केस झाली की सिलिंडर बघायचा, चादर बदलायची, पुढचा कॉल. लहान मुलाची केस असली की काका जेवत नाहीत, मी डबा उघडत नाही, दोघांनाही ते ठाऊक असतं. आज मात्र ते स्टेअरिंगवर बसता बसता म्हणाले, "मॅडम, त्या बाईनं हात नाई काढला पाह्य. हनुवटीचा." मी म्हटलं, हो, पाहिलं मी. बेस येईपर्यंत आम्ही त्या हाताबद्दलच बोललो. या गाडीवर केसनंतर आम्ही एवढं पहिल्यांदाच बोललो असू.

आठ वाजता आशाताईंना फोन केला. मेडिकलला आहे, मशिनवर आहे, एवढं सांगितलं. खोटा धीर दिला नाही. विषानं नसांची टोकं बिघडतात, ती पुन्हा कामाला लागायला दिवस लागतात. तोवर मशिन श्वास घेतं. त्या ऐकत होत्या. मग त्यांनीच विचारलं, "मॅडम, ते आकडे मोजाचं, ते बाकीच्या बायाइले शिकवू का मी?"

मी म्हटलं, मी येते. पापणी कशी बघायची, हनुवटी कशी धरायची, फवारणीचा शर्ट कसा कापायचा, तिन्ही करून दाखवते. कात्री आणते, टॉर्च आणते. सोमवारी माझी सुट्टी आहे, सकाळी दहाला?

"सोमवारी निंदन हाय जी. बाया सातच्या आत घरी येत नाई."

तर सातनंतर. रपट्याचं पाणी तोवर उतरलं पाहिजे.