पाणचक्कीतला मुक्काम: पाटाच्या बांधावरून अजिबात जाऊ नका

'मुख्य रस्त्यापासून वीस मिनिटांची सपाट पायवाट' असं या जुन्या पाणचक्कीतल्या खोल्यांच्या बुकिंगच्या पानावर लिहिलं होतं. वाट सपाट आहे, एवढंच खरं. पाठीवर सॅक, वरून पाऊस आणि उतरती संध्याकाळ, अशा वेळी त्या वाटेला एक तास लागला, आणि त्या तासाचा राग अजून गेलेला नाही.

वाट सपाट का असते तेही सांगतो, म्हणजे दुसऱ्या कुठल्या जुन्या चक्कीवर गेलात तरी ओळखता येईल. चाकावर पाणी वरून सोडलं तर चाक खालून ढकलण्यापेक्षा जवळपास दुप्पट काम मिळतं, हे इंग्रज अभियंता जॉन स्मीटन याने १७५९ साली प्रयोग करून मांडलं. पण त्यासाठी पाणी उंचावर हवं. म्हणून नदीला वरच्या अंगाला बंधारा घालून पाणी वळवतात आणि डोंगराच्या कडेकडेने, जेमतेम उतार ठेवून, पाटाने आणतात. नदी खाली उतरत जाते, पाट वरच राहतो. चक्कीपाशी येईपर्यंत दोघांत दोन-तीन पुरुष अंतर पडतं. जाहिरातीतली 'पायवाट' म्हणजे या पाटाचा बांध. डावीकडे काठोकाठ पाणी, उजवीकडे तुटलेला उतार आणि खाली नदी. दोन पावलं शेजारी शेजारी मावत नाहीत.

सगळ्यात वाईट जागा सांडव्याची. जादा पाणी नदीत सोडायला बांध तिथे कापलाय आणि वर एकच फळी टाकलीय. पाय घसरू नये म्हणून फळीवर कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी ठोकलेली होती. ती एका टोकाला उचकटून वर आली होती आणि बरोबर तिच्यातच बुटाचं टोक अडकत होतं. धरायला कठडा नाही. सॅक काढून पुढे सरकवली, मग बसून पलीकडे गेलो. चाकाची बॅग घेऊन येणाऱ्याने इथे काय करायचं? लहान मूल बरोबर असेल तर या वाटेचं नावही काढू नका.

दुसऱ्या दिवशी कळलं की मागून चांगला गाडीरस्ता आहे. असायलाच हवा, नाहीतर पूर्वी धान्याच्या गाड्या चक्कीवर कुठून यायच्या? लांब पडतो, पण खडी घातलेला, रुंद, अंधारातही चालता येईल असा. तो जाहिरातीत नाही, कारण त्याच रस्त्याने मालकाची गाडी न्यायला येते आणि एका खेपेचे खोलीच्या भाड्याच्या निम्मे पैसे घेते. ही सरळ लुबाडणूक आहे. बुकिंगच्या आधीच लेखी विचारा, 'मालाच्या गाड्या कुठून येतात?' उत्तर टाळलं तर दुसरी जागा बघा.

एवढं होऊनही मी तिथे परत जाईन, ते चक्की चालताना पाहिली म्हणून. मालकाने सकाळी चाकावर जाणारं पाणी अडवणारी झडप उचलली. चाक आधी नुसतं भिजलं, मग कुरकुरलं, आणि मग सगळी इमारत जागी झाली. चाक मिनिटाला फार तर आठ-दहा फेरे घेतं, पण दात्यांच्या चाकांवरून वेग चढत जातो आणि वरची पाळ, म्हणजे जात्याचा वरचा दगड, मिनिटाला शंभराच्या वर फिरते. ती पाळ चार फूट रुंद, वजन टनाच्या आसपास. जमिनीतून तळपायाला थरथर लागते. पीठ ऊन येतं, हात घालून बघा. टाकी लावायला, म्हणजे झिजलेल्या खाचा पुन्हा कोरायला, उचलून ठेवलेली जुनी पाळही पाहायला मिळाली. फ्रान्समधल्या ला फेर्ते-सू-जुआरच्या गारगोटीसारख्या दगडाचे तुकडे जोडून लोखंडी पट्टीने आवळलेली. चक्की चालू स्थितीत नसेल तर अशा ठिकाणी जाण्यात अर्थ नाही, हे माझं ठाम मत. नुसतं चाक भिंतीला टांगलेल्या जागा भरपूर आहेत.

बाकीचे दिवस निवांत गेले, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

आता खोलीबद्दल, कारण भाडं सगळीकडे सारखं नसतं आणि महाग खोली चांगली नसते. सर्वांत वरचा मजला 'खास' म्हणून विकतात. तो मुळात धान्याच्या कोठारांचा. पोती दोराने ओढून वर नेत, तिथून धान्य आपोआप खालच्या जात्यांत उतरे. पोती जिन्याने जात नसल्यामुळे जिना शिडीसारखा उभा, खिडक्या बोटभर आणि तुळया कपाळाच्या उंचीवर. रात्री पाणी प्यायला उठलात तरी आधी दिवा लावा. तळमजल्यावर दात्यांची चाकं असायची. तिथे ओल आहे, सकाळी मोजे दमट लागतात. घ्यायचा तो मधला, जात्यांचा मजला. जमीन भक्कम, छत उंच, भिंती कोरड्या. तिथेही चाकाच्या भिंतीला लागून असलेली खोली नको, कारण रात्री झडप पाडली तरी पाणी चाकाला वळसा घालून बगलेच्या पाटाने धो धो वाहतच राहतं. मधल्या मजल्यावरची समोरच्या बाजूची खोली मिळत नसेल, तर तारीख बदला.