ग्लेशियर बघायला आलो आणि मोजे वाळवत बसलो

न्यूझीलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरचं फ्रान्झ जोसेफ गाव, मुक्काम दुसरा. पाऊस परवा आर्थर्स पासचा घाट उतरलो तेव्हापासून जो लागलाय तो लागलाच आहे.

कॅम्परव्हॅनचे फोटो बघताना वाटतं मागचं दार उघडं, समोर डोंगर, हातात कॉफी. प्रत्यक्षात दार उघडलं की पाऊस आत आणि पाऊस थांबला की सँडफ्लाय (चावऱ्या बारीक माश्या) आत, त्यामुळे दार बंद, आणि त्या बंद डब्यात आम्ही पाच जण, म्हणजे मी, नवरा, दोन पोरं आणि चिपळूणहून तीन महिन्यांसाठी आलेल्या सासूबाई. रात्री झोपायचं तर जेवणाचं टेबल मोडून बेड करायचा, सकाळी चहा हवा तर बेड मोडून टेबल. त्यात काल छतावरची खिडकी बोटभर उघडी राहिली (मी नव्हती ठेवली, हे इथे लिहून ठेवते) आणि धाकट्याची गादी एका बाजूने पार भिजली. हॉलिडे पार्कच्या ड्रायरपुढे एवढी लाइन की लोक खुर्च्या घेऊन बसलेत.

आईंनी शेवटी कंटाळून पिशवीतली नाडी काढली, ड्रायव्हरच्या सीटपासून मागच्या कपाटापर्यंत बांधली आणि सगळ्यांचे मोजे त्यावर टाकले. "हा काय पाऊस, आमच्याकडे जुलैत या" म्हणाल्या. आणि खरंच हिशोब कोकणासारखाच आहे, टास्मान समुद्रावरून पश्चिमेचा वारा येतो, सदर्न आल्प्सला धडकतो आणि सगळं पाणी याच बाजूला ओतून मोकळा होतो, पलीकडे कँटरबरीत मात्र गवत पिवळं पडलेलं. आपलं कोकण आणि माणदेश. फरक एवढाच की इथे डोंगर तीन हजार मीटरच्या वर जातात, म्हणून जो पाऊस आमच्या छतावर ताशा वाजवतोय तोच वरती बर्फ होऊन साठतो आणि त्यावरच हे ग्लेशियर जगतं. हे मी पोरांना मोठ्या उत्साहाने सांगितलं. मोठी म्हणाली, मग वाय-फाय का नाही चालत?

नवरा आणि मोठीचं हेली-हाइक (हेलिकॉप्टरने बर्फावर उतरून चालायचं) दोन्ही दिवस कॅन्सल, ढगात कोण उडवणार. २०१२ पर्यंत लोक खालून चालत जाऊन बर्फावर चढायचे म्हणे, आता तो इतका मागे सरकलाय की हेलिकॉप्टरशिवाय पाय ठेवता येत नाही. व्हॅलीत जायच्या रस्त्याचं गेटही पावसामुळे बंद. मग काय, दुपारी पुलापर्यंत चक्कर मारली. वायहो नदी राखाडी, सिमेंट कालवल्यासारखी, आतून दगड घरंगळल्याचा आवाज येतो, तो मी पहिल्यांदाच ऐकला. मार्च २०१९ मध्ये हा पूलच वाहून गेला होता, तीनेक आठवड्यांत परत उभा केला. नदी डोंगरातून इतके दगडगोटे आणते की पात्रच वर वर येतंय आणि गाव खाली राहतंय, मग बांध उंच करायचे. आई कठड्याला धरून बराच वेळ बघत राहिल्या. २०२१ च्या पुरात वाशिष्ठीचं पाणी आमच्या घरात माळ्यापर्यंत आलं होतं, त्यानंतर गाळ काढा म्हणून लोक उपोषणाला बसले होते, ते सगळं त्यांच्या डोळ्यांपुढे असणार. म्हणाल्या, "हे लोक गाळ काढत नाहीत का गं?" मला उत्तर येत नव्हतं. नवरा म्हणाला आई चल, भिजशील.

संध्याकाळी पिठलं केलं. फोडणी टाकली तशी व्हॅनचा स्मोक अलार्म बोंबलायला लागला, शेजारच्या व्हॅनमधली बाई छत्री घेऊन धावत आली, तिला वाटलं आग लागली. तिला वाटीभर पिठलं-भात दिला. वाटी रिकामी परत आली, म्हणजे आवडलं असावं. जेवताना पोरांना ग्लेशियरच्या माओरी नावाची गोष्ट सांगितली, हिने हुकातेरे नावाच्या मुलीचा प्रियकर हिमकड्यावरून वाहून गेला, तिचे अश्रू गोठले तेच हे ग्लेशियर. आई म्हणाल्या, रडणं अजून थांबलेलं दिसत नाही.

आज सकाळी सहाला मला टॉयलेटची कॅसेट (खालची मैल्याची टाकी) रिकामी करायची पाळी होती (चिठ्ठ्या टाकल्या होत्या, तरी माझाच नंबर कसा येतो). डंप स्टेशनवरून परत येतेय तर आई व्हॅनबाहेर शाल गुंडाळून चहाचा कप घेऊन उभ्या, एका हाताने मला खुणावतायत. वर बघितलं तर ढग फाटलेला, आणि त्या फटीतून बर्फाचा वरचा तुकडा, पांढरा नाही, निळसर, हिरव्या जंगलाच्या अगदी वर टेकवून ठेवल्यासारखा. मी हातमोजे घातलेले, हातात रिकामी कॅसेट, फोन आत. ओरडून पोरांना उठवलं. मोठी चष्मा शोधून बाहेर येईपर्यंत तीनचार मिनिटं गेली असतील, तोवर परत सगळं राखाडी.

"आजी, कुठेय?"

"होता इथेच," आई म्हणाल्या आणि चहा प्यायला लागल्या.

आता नऊ वाजलेत, गाडी पुढच्या फॉक्स ग्लेशियरकडे निघालीय, मोजे अजून ओलेच आहेत.