पोटाचा घेर आणि पोडियमचे कुलूप

नेरूळच्या ‘ज्वेल ऑफ नवी मुंबई’ उद्यानात पहाटे फेऱ्या मारणाऱ्यांची गर्दी पाहून मन प्रसन्न होते, परंतु त्या गर्दीत कोण नसते, हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. महापे-ऐरोलीच्या कंपन्यांमधून रात्री नऊ-दहाला घरी परतणारी तिशी-चाळिशीतली माणसे तिथे फारशी दिसत नाहीत आणि ज्यांची सकाळ डबे करण्यात व मुलांना शाळेत धाडण्यात जाते, त्या स्त्रिया तर क्वचितच दिसतात. हृदयविकार मात्र याच वयात गुपचूप मूळ धरत असतो. ५२ देशांत झालेल्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासात हृदयविकाराच्या पहिल्या झटक्याचे मध्यवर्ती वय दक्षिण आशियात ५३, तर इतरत्र जवळपास ५९ वर्षे आढळले. निवृत्तीनंतर चालायला लागू, असे म्हणणाऱ्याला आपल्याकडे फार उशीर झालेला असतो.

त्यातच वजनकाटा अनेकांची दिशाभूल करतो. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले होते. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या तुलनेत वजन सांगणारा आकडा, २२.३ होता, पण शरीरातील चरबी युडकिन यांच्यात ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के होती. आपल्या हडकुळ्या दिसणाऱ्या अंगातही चरबी लपलेली असते, विशेषतः पोटात, आणि तीच पुढे रक्तदाब, साखर व ट्रायग्लिसराइड (रक्तातील एक प्रकारची चरबी) वाढवते. म्हणूनच भारतीयांसाठी बीएमआय २३ पासून जादा वजन आणि २५ पासून लठ्ठपणा धरतात. कमरेचा घेर पुरुषांत ९०, तर स्त्रियांत ८० सेंटीमीटरच्या वर गेला, की सावध व्हायचे.

हे समजल्यावर आम्ही काहीजणांनी सोसायटीच्या ऑफिसात रविवारी सकाळी शिंप्याची टेप आणि रक्तदाब मोजण्याचे यंत्र घेऊन बसायला सुरुवात केली. टेप शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या बरोबर मध्ये, श्वास सहज सोडल्यावर धरायची असते. पण टेप अंगाला लागताच जवळजवळ प्रत्येक पुरुष पोट आत ओढतो. ‘माझी पँट चौतीसची आहे,’ असे ठामपणे सांगणाऱ्या एका शेजाऱ्यांचा घेर ९८ सेंटीमीटर निघाला, कारण त्यांचा पट्टा पोटाच्या खाली बसत होता. आकडा ऐकून ते गप्प झाले आणि पुढच्या रविवारी पत्नीला घेऊन आले. स्वतःच्या शरीराचा आकडा माणसाला जे सांगून जातो, ते कोणत्याही व्याख्यानाने साधत नाही, असे माझे ठाम मत झाले आहे.

आमच्या सोसायटीच्या पोडियमला, म्हणजे चालण्या-फिरण्याच्या मोकळ्या गच्चीला, रात्री साडेनऊला कुलूप लागत असे, म्हणजे ज्यांना चालण्याची सर्वाधिक गरज होती ते घरी पोहोचण्याच्या सुमारास. सचिवांशी बरीच चर्चा झाल्यावर आता ते अकरापर्यंत उघडे असते आणि जेवणानंतर जोडप्याने चालणारी माणसे दिसू लागली आहेत. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटांचा मध्यम व्यायाम सांगते. पाच दिवस तीस-तीस मिनिटे चालले, तरी तेवढा भरतो. बोलता येईल पण गाणे म्हणता येणार नाही, इतका वेग मात्र हवा. आठवड्यातून दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायामही त्या शिफारशीत आहे. आमच्याकडे तो अजून कुणी मनावर घेतलेला नाही.

जिन्याकडेही आपण गांभीर्याने पाहायला हवे. जेरी मॉरिस यांनी १९५३ मध्ये लंडनच्या दुमजली बसवरील कर्मचाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात दिवसभर बसून असणाऱ्या चालकांपेक्षा सतत जिना चढ-उतार करणाऱ्या कंडक्टरांमध्ये हृदयविकार कमी आढळला होता. तिसऱ्या-चौथ्या मजल्यावरच्या धडधाकट माणसाने लिफ्टची वाट पाहत उभे राहू नये, असे मला मनापासून वाटते. चढताना छातीत दडपण येत असेल किंवा नेहमीपेक्षा जास्त धाप लागत असेल, तर मात्र आधी डॉक्टरांना दाखवावे.

खाण्याबद्दल एवढेच सांगतो, की दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ या मर्यादेत लोणचे, पापड आणि फरसाण यांतले मीठही मोजायचे असते आणि सोसायटीच्या प्रत्येक कार्यक्रमात समोसा व सरबत असलेच पाहिजे, असा कुठलाही नियम नाही.

आमच्या रविवारच्या तपासणीत वॉचमन आणि घरकामाला येणाऱ्या मावशी सुरुवातीला नव्हत्या. त्यांना बोलवावे, हे एका सभासद काकूंनी सुचवले. त्यांतल्या एका वॉचमनकाकांचा रक्तदाब १७०/१०० निघाला. त्यांना काहीच त्रास जाणवत नव्हता, आणि या विकारात बहुधा तसेच असते. थोडा वेळ शांत बसवून पुन्हा मोजल्यावरही आकडा तोच आल्याने त्यांना महापालिकेच्या आरोग्य केंद्रात नेले आणि आता ते रोज गोळी घेतात. रात्रपाळीमुळे त्यांना चालायला कोणती वेळ देता येईल, हे मात्र अजून ठरायचे आहे. येत्या कमिटी बैठकीत तो विषय मी घेणार आहे.