निंबा फाट्याच्या अलीकडे

छोटा हत्ती, म्हणजे आमचा सामानाचा टेम्पो, पुढं पाठवायचा निर्णय माझा होता. हे आधीच सांगून टाकतो, कारण आमच्या दिंडीत आजही गारांचा विषय निघाला की सगळे माझ्याकडे बघतात.

बडनेऱ्याजवळचं आमचं गाव. माघ वद्य सप्तमीला, गजानन महाराजांच्या प्रकट दिनाला शेगावी पोचायचं म्हणून दरवर्षी सहा दिवस आधी निघतो. लोणी, मूर्तिजापूर, कुरणखेड, अकोला, गायगाव, मग शेगाव. साठेक माणसं, एक पालखी, दोन पताका, एक वीणा आणि सामानाला भाड्याचा छोटा हत्ती. सामानाचं खातं माझ्याकडं. कोणाची वळकटी कुठं, कोणाच्या गोळ्या कोणत्या पिशवीत, हे मला पाठ असतं.

माघातली वारी म्हणजे कपड्यांची कसरत. पहाटे चारला निघताना स्वेटर, कानटोपी, वर चादर. नऊला चादर गाडीत जाते, दहाला स्वेटर कमरेला येतो, बाराला उपरणं ओलं करून डोक्यावर. संध्याकाळी हाच क्रम उलटा. एवढ्या फेरफाराची आम्हाला सवय आहे. नागपुरात २३ मे २०१३ ला ४७.९ अंश होते आणि २९ डिसेंबर २०१८ ला ३.५. विदर्भातल्या माणसाला ऊन शिकवू नये, आणि थंडी कळत नाही असंही समजू नये. पण दोन्ही एकाच दुपारी येतील, याचा हिशेब कोणी ठेवत नाही. मीही ठेवला नाही.

अकोला सोडलं त्या दिवशी उकाडा विचित्र होता. ऊन नेहमीचंच, पण अंगाला चिकटणारं. दक्षिणेकडून दमट वारा येत होता आणि क्षितिजावर कापसाच्या गंज्या रचाव्यात तसे ढग. आमचे वीणेकरी बुवा सत्तरीचे. ते सकाळपासून दोनदा म्हणाले, "उकडून राह्यलं बाप्पा, हे काही बरं नाही." दोन्ही वेळा मी हसलो.

गायगावात तेलाच्या डेपोंच्या पुढं एका घरी जेवण झालं. पिठलं, भाकरी, मिरचीचा ठेचा आणि ताक. मोबाइलवर ३५ अंश दाखवत होतं. मी ड्रायव्हरला म्हटलं, "तू मुक्कामावर जाऊन थांब, सामान उतरवून ठेव, आम्ही येतोच." चादरी, स्वेटर, प्लास्टिकच्या ताडपत्र्या, सगळं गेलं. अंगावर सुती सदरे, सुती लुगडी आणि हातात टाळ एवढंच राहिलं.

हा सगळा खारपाणपट्टा. पूर्णेच्या खोऱ्यातली काळीभोर जमीन, खाली खारं पाणी. विहिरी असल्या तरी ओलिताला कामाच्या नाहीत, म्हणून पावसाळ्यात मुरलेल्या ओलीवर हरभरा. रस्त्याच्या दोन्ही अंगांनी तोच. बराचसा सोंगून सुड्या लागलेल्या, काही उशिराचा अजून हिरवा. एका शेतकऱ्यानं धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, हाक मारली, "माउली, सोले खा!" आणि दोन मुठी घाटे लागलेले ढाळे उपटून दिले. हिरव्या हरभऱ्याच्या पानाला आंब असते, बोटं चाटली की आंबट खारट लागतं. आमची पोट्टी घाटे सोडून बोटंच चाटत होती.

साडेचारच्या सुमाराला वारा अचानक पडला. मग उलट्या दिशेनं आला, तो थंडगार. पताका फाटेल इतका. पहिली गार रस्त्यावर पडून चेंडूसारखी उडाली तेव्हा पोरं आनंदानं ओरडली. दुसऱ्या मिनिटाला कोणी ओरडत नव्हतं. बोराएवढ्या, मग आवळ्याएवढ्या. बायांनी पिशव्या डोक्यावर घेतल्या, एकीनं परात. पालखीवर चौघे वाकून उभे राहिले. दिंडीतली वीणा जमिनीवर ठेवत नाहीत. बुवांनी ती पोटाशी धरली, पाठ वर केली आणि तसेच चालत राहिले. नंतर त्यांच्या पाठीवर सात टेंगळं मोजली. डोक्यावरची धरली नाहीत, टोपी काढू देईनात.

ढाळे देणारा तो शेतकरीच धावत आला. "इकडं या, कोठ्यात या!" रस्ता ते कोठा शंभर पावलं असतील. पण काळी माती ओली झाली की चप्पल धरून ठेवते, सुटली तर तळव्याला दुसरी चप्पल चढवते. प्रत्येक पावलागणिक पाय किलोनं वाढत होता. अर्ध्या चपला तिथंच राहिल्या. टिनाच्या कोठ्यात दोन बैल, एक गाय आणि आम्ही साठ. वरून टिनावर असा आवाज की "गण गण गणात बोते" आम्ही म्हणत होतो की नुसतेच ओठ हलत होते, सांगता येणार नाही.

वीसेक मिनिटांत थांबलं. बाहेर बघतो तर शेत पांढरं. धुरा, पांदण, रस्ता, सगळं. कडुलिंबाखाली गारठलेले पोपट पडलेले, काही मेलेले, काही पंख ओढत चाललेले. एक पोरगं किंचाळलं, "बर्फ पडला! काश्मीर झालं!" मीही खिशातला फोन काढला आणि फोटो घेतले. खोटं कशाला बोलू, मलाही ते सुंदर दिसलं.

आमच्यात भूगोलाचे एक निवृत्त मास्तर आहेत. त्यांनी एक गार दातानं दोन केली आणि पोराला दाखवली. आत कांद्यासारखे पदर, एक दुधाळ, एक काचेसारखा. "हे बर्फ पडणं नोहे," ते म्हणाले. "त्यासाठी जमिनीपर्यंतची हवा गोठायला आली पायजे, ते आपल्याकडं होत नाही. गारीले ऊन लागते. तापलेली हवा उसळून वर जाते, संगं थेंब नेते. वर उत्तरेकडची थंड हवा, तिथं थेंब गोठते. हवा पेलते तोवर त्याच्यावर थरावर थर चढते, पेलवलं नाही की खाली. दुपारी ज्या उन्हानं तुयं डोस्कं तापवलं, त्यानंच हे गोये बनवले."

मला मात्र तेव्हा दुसरीच घाई होती. आमच्या काकू, पासष्टीच्या, कोपऱ्यात बसल्या होत्या आणि त्यांचे दात वाजत होते. थोड्या वेळानं वाजायचे थांबले. मला वाटलं बरं झालं. मास्तरांना तसं वाटलं नाही. नाव विचारलं तर काकू उत्तर द्यायला वेळ लावायला लागल्या. मोबाइलवर १८ अंश. अठरा म्हणजे काय थंडी, असं घरी बसून म्हणता येईल. पण ओलं सुती लुगडं, त्यावर वारा आणि दिवसभर घामानं आटलेलं शरीर. ओला कपडा अंगातली ऊब शोषतच राहतो. चादरी मुक्कामावर, ड्रायव्हरचा फोन बंद.

शेतकऱ्याच्या बायकोनं आम्हा पुरुषांना बाहेर काढलं, काकूंचं लुगडं सोडवलं, स्वतःचं कोरडं नेसवलं, वरून दोन पोती गुंडाळली. कोठ्याच्या तोंडाशी पऱ्हाट्या, कापसाची वाळलेली झाडं, पेटवल्या. पऱ्हाटी भसकन पेटते आणि तितक्याच लवकर संपते, म्हणून दोन पोट्टे फक्त आणून टाकायच्या कामाला. गुळाचा काळा चहा झाला. पाऊण तासानं काकूंचे दात परत वाजायला लागले आणि मास्तर हसले. तेव्हा मला कळलं की वाजणं चांगलं असतं.

शेतकरी या सगळ्यात कुठं होता? धुऱ्यावर. मी गेलो तर तो एक ढाळा हातात धरून पान चाटत होता. "आंब धुतल्या गेली," एवढंच म्हणाला. घाटे फुटून मातीत गेले होते, काड्या उभ्या. शेजारच्याचा गहू झोपला होता. काय बोलावं सुचेना. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधल्या गारपिटीत आमचा संत्रा असाच गेला होता. तेव्हा धीर द्यायला आलेल्यांचा मला रागच आला होता. म्हणून गप्प राहिलो.

मग त्यानंच विचारलं, "भाऊ, तुमच्या फोनात फोटो निघते का? मायावाला भिजला." पीक विम्याला तेव्हा ७२ तासांत कळवावं लागायचं. पंचनाम्यात ३३ टक्क्यांच्या वर नुकसान दिसलं तर सरकारी मदत. तलाठी कधी येईल कोण जाणे, तोवर गारा राहतात थोड्याच. मगाशी काश्मीर म्हणून काढलेले फोटो त्याला दाखवले. त्याला शेताची खूण हवी होती, लिंब आणि कोठा दिसला पाहिजे. अंधारायच्या आत पुन्हा काढले. काकू शेकून उठल्या होत्या, त्याही बाहेर येऊन उभ्या.

छोटा हत्ती आठला आला. मला कोणी काही बोललं नाही, तेच जास्त लागलं.

पहाटे दाट धुई आणि बारा वाजता पुन्हा डोक्यावर ऊन, जणू काही झालंच नाही. लोहाऱ्याच्या पुढं शेतांतून वाफा निघत होत्या, चिरडलेल्या हरभऱ्याचा वास येत होता. निम्मे लोक अनवाणी. शेगावच्या रांगेत लागायच्या आधी रेंज आली तसे मी फोटो पाठवले. तासाभरानं त्याचा फोन.

"भाऊ, भेटले. पण ज्याच्यात लिंब आन कोठा दोन्ही हाये, त्याच्यात मधातच तुमच्या काकू उभ्या हायेत पोतं पांघरून. दुसरा हाये का?"

नव्हता. रांगेत पुढं उभ्या असलेल्या काकूंना सांगितलं.

"राहू दे म्हना," काकू म्हणाल्या. "साक्षीले कोनी पायजेच."