सारंगाचे प्रमाणपत्र: अभ्यास सोपा, दाखला अवघड

मुंबई बंदरात प्रवासी लाँच स्वतःच्या जबाबदारीवर हाकण्यासाठी सारंगाचे प्रमाणपत्र लागते. ते मिळवण्याची तयारी करणारे मला नेहमी कोणते पुस्तक वाचावे, हेच विचारतात. माझे उत्तर असे, की पुस्तक राहू द्या आणि आधी सेवेचा दाखला हातात घ्या. परीक्षेने मला फारसे छळले नाही. छळले ते या एका कागदाने, आणि तो राग अजून पुरता गेलेला नाही.

ज्या बोटीवर तुम्ही खलाशी किंवा सुकाणी म्हणून काम केले, तिच्या मालकाने तुमचे पद आणि कामाचा कालावधी लिहून सही-शिक्क्यानिशी दिलेले पत्र म्हणजे सेवेचा दाखला. माझी सगळी नोकरी गेटवे ते मांडवा या मार्गावर झाली. मालकाच्या कचेरीने सर्व खलाशांना देतात तसा एका परिच्छेदाचा दाखला दिला, त्यात अमुक वर्षापासून तमुक वर्षापर्यंत काम केले एवढेच लिहिले होते, आणि तो जोडून मी अर्ज दाखल केला. काही आठवड्यांनी त्रुटीपत्र आले. खिडकीवरच्या बाबूंनी दाखल्यावर पेन्सिलीने रेघ मारली आणि विचारले, ‘‘पावसाळ्यात मांडव्याच्या लाँच बंद असतात ना? मग तुमची सेवा सलग कशी?’’

प्रश्न बिनतोड होता, हे मला मान्य करावे लागले. जूनच्या सुमारास समुद्र खवळला की या मार्गावरच्या लाँच थांबतात, आणि हंगाम पुन्हा सुरू होतो तो पाऊस ओसरल्यावर. मधल्या महिन्यांत आम्ही बोट वर काढून तिचा तळ खरवडतो, रंग लावतो, इंजिन उघडतो. ते काम अंगमेहनतीचे असले तरी पाण्यावरचे नव्हे, त्यामुळे सेवेत धरले जात नाही. हरकत माझी एवढ्यावरच आहे, की प्रत्येक हंगामाची सुरुवात आणि अखेर वेगळी लिहून आणा, हे अर्ज घेतानाच सांगता आले असते. नमुन्यात त्यासाठी रकाना नाही आणि भिंतीवर सूचनाही नाही. 1917 चा अंतर्देशीय जलयानांचा कायदा जाऊन 2021 चा नवा कायदा आला, तरी खिडकीवरची ही सवय जुनीच राहिली.

हंगामवार दाखला मागायला गेलो, तर मधल्या काळात बोट विकली गेल्याचे कळले. नव्या मालकाने तिचे नाव बदलले होते. जुन्या शेठचे व्यवस्थापक म्हणत, ‘‘अहो, बोटच आमची राहिली नाही, आता सही कशावर करू?’’ नवे मालक म्हणत, ‘‘तुम्ही आमच्याकडे कामाला कधी होता?’’ दोघांचेही बोलणे आपापल्या जागी बरोबर होते, आणि मी मात्र भाऊच्या धक्क्यावरून बॅलार्ड इस्टेटकडे आणि तिथून पुन्हा धक्क्याकडे खेपा घालत राहिलो. कार्यालयात ‘साहेब सर्वेक्षणाला गेलेत’ हे उत्तर इतक्या वेळा ऐकले, की शिपाई मला पाहताच मान हलवू लागला.

शेवटी मार्ग सुचवला तो आमच्या जुन्या तांडेलकाकांनी. बोटीचे नाव बदलले तरी नोंदणी क्रमांक बदललेला नव्हता. जुन्या कचेरीतल्या पगाराच्या मस्टरवर महिन्यागणिक माझी सही होती. व्यवस्थापकांना शेठची परवानगी मिळेपर्यंत मी बाकड्यावर बसून राहिलो आणि त्या पानांच्या प्रती घेतल्या. त्यांच्या आधारे प्रत्येक हंगामाची वेगळी ओळ असलेला नवा दाखला तयार झाला. त्यात नोंदणी क्रमांक, बोटीची लांबी, इंजिनाची अश्वशक्ती आणि माझे पद, असे सगळे आले. सोबत नोंदणीचा उतारा जोडला आणि जुने नाव व नवे नाव एकाच बोटीचे असल्याचे अर्जात स्पष्ट लिहिले. हे सर्व देताना आवक क्रमांकाची पोहोच घेतल्याशिवाय मी खिडकीवरून हललो नाही, आणि तुम्हीही हलू नका.

जीवरक्षण, अग्निशमन आणि प्रथमोपचार यांचे प्रशिक्षण ठरल्याप्रमाणे पार पडले. त्याबद्दल सांगण्यासारखे काही नाही.

अभ्यासाबाबत एक इशारा द्यायला हवा. मोबाईलवर बोयांविषयीच्या, म्हणजे बोटींना वाट दाखवणाऱ्या तरंगत्या खुणांविषयीच्या, ज्या फिती सापडतात, त्यांतल्या बऱ्याच अमेरिकेतल्या असतात, आणि तिकडची पद्धत आपल्या उलट आहे. आपल्याकडे समुद्रातून बंदरात शिरताना तांबडा बोया डाव्या हाताला आणि हिरवा उजव्या हाताला ठेवायचा असतो. माझ्याबरोबरच्या एका हुशार मुलाने सगळे उलटे पाठ केले होते.

तोंडी परीक्षेत अधिकाऱ्यांनी टेबलावर दोन लाकडी बोटी ठेवल्या आणि त्यांतली एक माझ्या उजवीकडून आडवी आणून विचारले, ‘‘रात्र आहे. हिचा तांबडा दिवा दिसतोय. काय कराल?’’ वाट मी द्यायची आणि तिच्या पुढून जायचे टाळायचे, हे उत्तर माझ्या हाताने तोंडाआधी दिले, कारण मी माझी बोट तेवढ्यात उजवीकडे वळवली होती. नंतर वर तांबडा आणि खाली पांढरा दिवा म्हणजे ट्रॉल (पाण्यातून ओढत न्यायचे जाळे) सोडून अन्य जाळ्यांनी मासेमारी करणारी बोट, तर वर हिरवा आणि खाली पांढरा म्हणजे ट्रॉलर, हेही झाले. मांडव्याला जाताना मोठ्या जहाजांची वाट आडवी ओलांडावी लागते. तिथे खोल पाण्याबाहेर जाऊ न शकणाऱ्या जहाजाला अडथळा करायचा नाही आणि त्याचा इरादा कळत नसेल तर भोंग्याचे निदान पाच आखूड आवाज द्यायचे, हा नियम घोकूनच जा.

भरतीचा प्रश्न आला, तेव्हा मी आमच्याकडचा हिशोब सांगितला: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ साधारण मिळते, म्हणजे अष्टमीला सहाच्या सुमारास. अधिकारी हसले, पण भरती-ओहोटीचे छापील कोष्टक पुढे करून ‘‘आता पाण्याची उंची सांगा,’’ म्हणाले. तीही सांगितली. उधाणाला साडेचार मीटरच्या वर चढणारे पाणी आणि भांगाचे कमी चढणारे पाणी यांत धक्क्याला बोट लावताना किती फरक पडतो, हे मला कोष्टकाने शिकवावे लागले नाही, असे थोड्या अभिमानाने म्हणतो.

एक गोष्ट खरे तर सुरुवातीलाच लिहायला हवी होती. वैद्यकीय तपासणीत ठिपक्यांच्या पाट्यांमधून अंक ओळखायला लावून रंगदृष्टी पाहतात. तांबडा-हिरवा ओळखण्यात दोष असेल, तर प्रशिक्षणाचे पैसे भरण्याआधीच तो कळलेला बरा. त्यासाठी साध्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन या. आणि जे अजून खलाशी आहेत, त्यांनी मे महिन्यात बोट वर काढली जाण्यापूर्वी, मालकाची कचेरी उघडी असतानाच, त्या हंगामापुरता दाखला सही-शिक्क्यासह मागून घ्यावा आणि त्याची एक प्रत घरी ठेवावी.